डोंगरावरची कुटी कोणाची?

हिमाचल प्रदेशातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात, तीर्थन खोऱ्यातील शिल्टच्या वनकुटीत चार रात्री काढण्याचा बेत सुखवस्तू शहरवासीयाला सहज आखता येतो. वनखात्याचा परवाना, चार दिवसांचा शिधा, एक वाटाड्या, दोन हमाल, बेत पुरा! परंतु तो हमाल काल कोण होता, हे कोण विचारतो?

१९९९ साली उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली आणि भोवतालच्या गावकऱ्यांचे आतील कुरणांत मेंढ्या चारण्याचे, जडीबुटी गोळा करण्याचे पिढीजात हक्क संपुष्टात आले. रोख भरपाई मिळाली ती ब्रिटिश काळच्या बंदोबस्तात ज्यांच्या पूर्वजांची नावे होती त्यांनाच. निसर्गरक्षणासाठी हा त्याग अटळ होता, असे सांगण्यात येते. मग त्याच वेळी पार्वती जलविद्युत प्रकल्पासाठी जिवा नाल्याकाठची जमीन उद्यानातून वगळली, ती कोणाच्या रक्षणासाठी? मेंढीचा खूर घातक आणि सुरुंग निरुपद्रवी, हे कोणते शास्त्र?

अरण्य राखलेच पाहिजे, याविषयी समाजवाद्यांत दुमत नाही. परंतु कालच्या हक्कदाराला आज रोजंदारीवर परक्याचे ओझे वाहायला लावणे, ही शुद्ध बेदखली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामुदायिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेला दिला असून राष्ट्रीय उद्यानेही त्याच्या कक्षेत येतात. तेव्हा परवाना ग्रामसभेने द्यावा आणि कुटीचे भाडे तिच्याच तिजोरीत जावे. पाहुण्याने अवश्य यावे; पण घरधन्याला विचारून!