कॅलेंडरातला निसर्ग आणि वाडीतले बावखल

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या धर्मग्रामातील युवक-युवतींनी ‘निसर्ग’ या विषयावर चित्रप्रदर्शन भरवले. सभागृहाच्या चारही भिंती भरून गेल्या होत्या. आजी-आजोबा नातवंडांची चित्रे शोधत फिरत होते. उद्घाटनाचे भाषण माझेच होते आणि मी सर्वांचे तोंडभरून कौतुक केले. मुलांच्या मेहनतीचे कौतुक आजही कायम आहे. आपणा मोठ्या माणसांचे जे केले, ते मात्र मी परत घेत आहे.

भिंतींवर काय होते? हिमाच्छादित शिखरे, त्यांच्यामागून उगवणारा सूर्य, लाल कौलांचे घर आणि तळ्यात पोहणारे राजहंस. वसईतल्या कोणत्या मुलाने बर्फाचे शिखर पाहिले आहे? राजेळी केळीचे पान वाऱ्याने कसे चिरत जाते, पानवेल आधाराला कशी बिलगते, खंड्या काठावरच्या फांदीवरून बावखलात कसा सूर मारतो, यातले काहीच तिथे नव्हते. प्रवेशद्वारावरची कमान प्लॅस्टिकच्या फुलांची होती. आणि तीही त्या वसईत, जिथल्या वाड्यांची फुले पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात जात आली आहेत!

दोष मुलांचा नाही. मुलाने कागद पुढे ओढताच आपण त्याच्यासमोर कॅलेंडर ठेवतो किंवा मोबाईलवरचे चित्र धरतो. कित्येक चित्रांत आईचा किंवा शिकवणीच्या बाईंचा सराईत हात स्पष्ट दिसत होता. बक्षीस मिळाले पाहिजे ना! मग चिखलात उतरून बेडूक पाहत बसणाऱ्या मुलाला आपण हाक मारून घरात घेतो आणि निसर्गचित्र काढायला बसवतो.

या प्रदर्शनासाठी एक चित्र असे आले होते की जे भिंतीवर लागलेच नाही. चौदा वर्षांच्या एका मुलीने आपल्या घरामागचे बावखल काढले होते. काठावर डंपर उभा आहे, अर्धे पाणी लाल मातीखाली गेले आहे आणि उरलेल्या पाण्यात एक ढोकरी एका पायावर उभी आहे. रेषा कच्च्या होत्या, पण ढोकरीची मान अचूक होती. आयोजकांना वाटले, उगाच कुणाचे मन दुखावेल. बावखल कुणाचे ते साऱ्यांना ठाऊक आहे. मला विचारण्यात आले. मी म्हणालो, “बरे, राहू द्या.” चित्र कपाटात गेले. साऱ्या प्रदर्शनात डोळ्यांनी पाहून काढलेले बहुधा ते एकच चित्र होते, आणि ते आपण झाकले.

बावखल म्हणजे काय, हे वसईकरांना सांगावे लागू नये. पण आता सांगावे लागते. आपल्या पूर्वजांनी पावसाचे गोडे पाणी त्यात धरले आणि त्यावर वाड्या शिंपल्या. ते पाणी झिरपून विहिरी जगतात आणि समुद्राकडून सरकणारे खारे पाणी अडते. मुसळधार पावसात हेच खड्डे पाणी पोटात घेतात. जुलै २०१८ मध्ये वसईत घराघरांत पाणी शिरले, तेव्हा आपण सरकारला दोष दिला. तो द्यावाच, पण बुजवलेल्या बावखलांचा हिशेब कोण देणार? मंदिराच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवून मातीचे तोंड बंद करण्याच्या ठरावावर सही माझीच आहे, हेही इथे नोंदवतो.

कुणी म्हणेल, “फादर, मुलांच्या कल्पनाशक्तीला वाव नको का?” जरूर हवा. पण दुसऱ्याचे चित्र उतरवणे ही कल्पनाशक्ती नव्हे. गोव्यात जन्मलेले चित्रकार अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकले आणि पुण्यात राहून काम करत राहिले. त्यांनी मरियामातेला युरोपातून न आणता आपल्या मातीत पाहिले, तिला साडी नेसवली. आपल्याच लोकांनी त्यांच्यावर टीका केली. ज्याने पाहिले, त्याला बोल लावायचा, ही आपली जुनीच खोड आहे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर घडवतो आणि घडवलेले पाहतो. त्या पाहण्यातूनच सृष्टी चांगली असल्याचा निर्वाळा येतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्र लिहिले. त्यावर आपण प्रवचने दिली, शिबिरे घेतली. पण ज्या मुलाला घरामागचे पाणी दिसत नाही, ते उद्या बुजवले जाताना त्याच्या जिवाला चटका कसा बसणार?

म्हणून माझे तीन आग्रह आहेत. पुढच्या प्रदर्शनासाठी मुलांनी वाडीत, बावखलाच्या काठी किंवा किनाऱ्यावर बसून चित्रे काढावीत. मोठ्यांनी त्यांना हात लावू नये. बक्षिसे बंद करावीत आणि त्या पैशांतून रंग व कागद घेऊन ज्यांना ते परवडत नाहीत त्या मुलांना द्यावेत. आणि कपाटातले ते चित्र दर्शनी भिंतीवर सर्वांत आधी लावावे. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. त्या मुलीची आणि तिच्या घरच्यांची क्षमा मागून ते मी स्वतः लावणार आहे. ज्यांना ते पाहवणार नाही, त्यांनी माझ्याशी येऊन भांडावे, मुलीशी नव्हे.