मोळीचं वजन करारात लिहा

कंबरदुखीवर हाताचा उपचार चालतो. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या आमच्या चौसाळ्यात माझा फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना आहे आणि याच कामावर माझं घर चालतं. पण ऊसतोड मजुरांच्या कंबरेचं खरं औषध माझ्या हातात नाही. ते मोळीच्या वजनात आणि कारखान्यांच्या करारात आहे.

हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की ऊसतोड टोळ्या गावी परततात आणि दवाखाना भरतो. बाई आत येते, पालथी पडते आणि सांगते, "दादा, मणका बसवून द्या." तिला वाटतं मणका सरकलाय. मी अंगठ्यानं आखडलेले स्नायू मोकळे करतो, सांधे हळूहळू हलवतो. कधी कट्ट आवाज येतो. तो हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होण्याचा असतो. दुखणं हलकं होतं आणि ती बिनधास्त वाकू लागते. तेवढ्या उसंतीत तिच्याकडून व्यायाम करून घेणं, हे माझं खरं काम.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. व्यायाम, दुखण्याची नीट माहिती, मसाज आणि मणक्याची हातानं केलेली हालचाल यांना तिनं उपचारांत जागा दिली. कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, सरसकट वापरू नका, असंही सांगितलं. आमच्याकडे उलट चालतं. पट्टा पहिल्याच दिवशी कंबरेला बसतो आणि जन्मभर वजन उचललेल्या बाईला कुठेतरी पुन्हा "वजन लावायला" झोपवतात. एमआरआयमध्ये "गादी सरकली" असं आलं की माणूस हातपायच गाळतो. खरं तर काहीच न दुखणाऱ्या विशीतल्या 30 टक्के लोकांच्या गाद्याही तपासणीत फुगलेल्या दिसतात. मात्र पाय लुळा पडू लागला, लघवीवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा ताप आणि वजनघट सोबत असली, तर माझ्याकडे नको, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

आमच्या बीड जिल्ह्यात कंबरदुखीची आणखी एक किंमत मोजली गेली आहे. 2019 मध्ये सरकारी समितीसाठी झालेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागची कारणं अनेक आहेत. पण "पिशवी काढली की कंबर राहील" या आशेनं टेबलावर गेलेल्या बायका माझ्याकडे येतात. पिशवी गेलेली असते, कंबर तशीच असते.

आता प्रतिबंधाचं. "वाकू नका, जड उचलू नका" हा सल्ला फडात कोणाला द्यायचा? ऊस बुडख्याशी तोडायचा तर वाकावंच लागतं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, तेही रात्री-अपरात्री, गाडी लागेल तेव्हा. मजुरी टनावर, म्हणून मोळी जड. अंगावर आगाऊ घेतलेली उचल, म्हणून विश्रांती नाही. एक दिवस पडून राहिलं तर खाडा.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीदरात तीन वर्षांसाठी 34 टक्के वाढ ठरली. ती हवीच होती. पण पुढच्या करारात दराइतकंच मोळीवर बोलणं व्हायला हवं. बाईनं आणि पुरुषानं किती किलोची मोळी उचलायची याची मर्यादा ठरवा. ती बांधणीतच पाळता येते, त्यासाठी यंत्र लागत नाही. ट्रक भरायला वेगळी माणसं किंवा साधा पट्टा-वाहक द्या. उपचाराच्या दिवसाचा खाडा धरू नका.

कोणी म्हणेल, मोळी हलकी केली तर फेऱ्या वाढतील आणि टन कमी भरेल. बरोबर आहे, म्हणूनच दर आणि वजन एकाच बैठकीत ठरले पाहिजेत. बाजार समितीतलं क्विंटलचं पोतं पन्नास किलोवर आलं, ते हमालांच्या संघटनांनी रेटा लावला म्हणून. तेव्हाही बाजार बुडाला नाही. ऊसतोड संघटनांच्या नेत्यांनी हा एक मुद्दा मागणीपत्रात घातला, तर माझ्या दवाखान्यातली गर्दी कमी होईल. माझं थोडं नुकसान होईल, त्याची चिंता कोणी करू नये.