'गॅलिक' म्हणजे नेमके कोणाचे? एका विशेषणाची दोन हजार वर्षे

१/
फ्रान्सच्या फुटबॉल संघाच्या जर्सीवरील कोंबडा, गोल्वाझ सिगारेटच्या पाकिटावरील पंखांचे शिरस्त्राण, अ‍ॅस्टेरिक्सच्या मिशा आणि 'मला काय त्याचे' असे न बोलता सांगणारी फ्रेंच माणसाची खांदे उडवण्याची लकब. या सर्वांना इंग्रजीत एकच विशेषण लावतात: गॅलिक, म्हणजे प्राचीन गॉल लोकांचे. या थ्रेडमध्ये मला एक मत मांडायचे आहे. जिथे 'गॅलिक' अशी पाटी लावलेली असते, तिथे गॉल लोक क्वचितच सापडतात. आणि जिथे ते खरोखर उरले आहेत, तिथे कोणतीही पाटी नसते.

२/
आरंभ नावापासून करू. ज्युलियस सीझर इ.स.पू. ५८ मध्ये गॉलच्या मोहिमेवर निघाला. त्या मोहिमेचा वृत्तांत त्याने स्वतः लिहिला. त्याच्या अगदी आरंभी तो सांगतो की या प्रदेशात बेल्गी, अक्विटानी आणि आणखी एक समाज राहतो; तो समाज आपल्या भाषेत स्वतःला केल्ट म्हणतो, आम्ही त्याला गॉल म्हणतो. ज्याच्या लेखणीमुळे हा शब्द टिकला, त्यानेच हे नाव परक्यांनी दिलेले असल्याची नोंद करून ठेवली आहे. पुढचा सारा इतिहास वाचताना ही नोंद विसरता कामा नये.

३/
सीझरच्या आधी रोमनांच्या बोलण्यातील 'गॉल' आजच्या फ्रान्समध्ये नव्हे, उत्तर इटलीत होता. इ.स.पू. ३९० च्या सुमारास रोम लुटणारी टोळी याच बाजूने आली. मिलान ही मुळात गॉलांची वसाहत. महाकवी व्हर्जिलचा जन्मही इ.स.पू. ७० मध्ये 'आल्प्सच्या अलीकडच्या गॉल'मध्ये झाला. पुढे रोमनांनी गॉलांची विभागणी चक्क पेहरावावरून केली: टोगा नेसणारा गॉल, विजार घालणारा गॉल आणि लांब केस राखणारा गॉल. जो जितका रोमनांसारखा दिसे, तितका तो जवळचा.

४/
सीझरने ऱ्हाइन नदी ही सीमा ठरवली: अलीकडे गॉल, पलीकडे जर्मन. पुरातत्त्वाचा पुरावा इतका सरळ नाही. ऱ्हाइनच्या पूर्वेस, आजच्या बव्हेरियात मांखिंग येथे उत्खननात मिळालेली तटबंदीची मोठी वस्ती गॉलमधील वस्त्यांच्याच वळणाची आहे. मग ही रेषा नदीवरच का? सीझरचा विजय तिथे थांबला, हे त्याचे एक सयुक्तिक उत्तर आहे. 'सारा गॉल जिंकला' असे म्हणायचे असेल, तर गॉल कुठे संपतो हे विजेत्यानेच ठरवणे सोयीचे असते.

५/
ग्रीकांनी याच कुळातील लोकांना 'गलाताई' म्हटले. त्यांच्यापैकी काही टोळ्या इ.स.पू. तिसऱ्या शतकात आजच्या तुर्कस्तानात शिरल्या आणि अंकाराच्या परिसरात स्थिरावल्या. तो प्रदेश गलातिया. संत पौलाने तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेले पत्र मराठी बायबलमध्ये 'गलतीकरांस पत्र' या नावाने आहे. सातारकर, नगरकर, तसे गलतीकर! ज्यांना आपण केवळ फ्रान्सशी जोडतो, त्यांचे नाव मराठीत आले ते अनातोलियाच्या वाटेने.

६/
आता ध्वनिसाम्याचे चकवे. पहिला चकवा 'गेलिक'. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील भाषांचे हे नाव, आणि त्याचा उगम निराळा आहे. गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की स्कॉटलंडमध्ये आपल्या या भाषेच्या नावाचा उच्चार 'गॅलिक' असाच करतात. त्यामुळे एखादा स्कॉटिश माणूस 'माझी आजी गॅलिक बोलते' असे म्हणाला, तर तिचा फ्रान्सशी काहीही संबंध नाही. मराठीत लिहिताना हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात. अनुवाद करणाऱ्यांनी इथे सावध राहावे.

७/
दुसरा चकवा रसायनशास्त्रातला. 'गॅलिक आम्ल' हे नाव गॉलवरून आलेले नाही. ओक वृक्षावर कीटकांमुळे धरणाऱ्या गाठीला लॅटिनमध्ये 'गाल्ला' म्हणतात, त्यावरून ते आले. ही गाठ मराठी घरांना परकी नाही: बाळगुटीत उगाळतात ते मायफळ हेच. १७८६ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने हे आम्ल वेगळे केले. मायफळाचा अर्क आणि हिराकस यांची काळी शाई मध्ययुगीन युरोपात सर्वत्र वापरात होती. शब्द सारखा दिसतो, म्हणून वंश सारखा असतोच असे नाही. हा धडा पुढे उपयोगी पडेल.

८/
तिसरा चकवा कोंबड्याचा. लॅटिनमध्ये 'गाल्लुस' म्हणजे गॉल आणि 'गाल्लुस' म्हणजेच कोंबडा. ही निव्वळ शाब्दिक कोटी. पण फ्रेंच राज्यक्रांतीने कोंबडा मिरवला, नेपोलियनने तो नाकारून गरुड निवडला आणि १८३० च्या क्रांतीनंतर तो पुन्हा अवतरला. १८७५ मध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी नवे मूलद्रव्य शोधून त्याला 'गॅलियम' म्हटले. 'ल कॉक' म्हणजे कोंबडा, म्हणून त्यांनी गुपचूप स्वतःचेच नाव दिले, अशी कुजबुज झाली. त्यांनी ती फेटाळली. आज पांढऱ्या एलईडी दिव्यांत याच गॅलियमची संयुगे असतात.

९/
सर्वांत गमतीचा चकवा खुद्द फ्रेंच भाषेत आहे. फ्रेंचमध्ये गॉलला 'गोल' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'गाल्लिया'पासून आला असावा असे कोणालाही वाटेल. भाषाशास्त्रज्ञ मात्र बहुतांशी त्याचा उगम जर्मानिक 'वाल्ह' या शब्दात मानतात. 'वाल्ह' म्हणजे परका. वेल्स, वालून, वालाकिया ही नावेही त्याच मुळाची. म्हणजे फ्रेंच माणूस आपल्या पूर्वजांचे नाव अभिमानाने घेतो, तेव्हा तो खरे तर 'परके' असे म्हणत असतो.

१०/
मध्ययुगानंतर या शब्दाला धर्माचा रंग चढला. 'गॅलिकन' म्हणजे पोपच्या सत्तेला मर्यादा घालू पाहणारा फ्रेंच चर्चमधील पक्ष. १६८२ मध्ये चौदाव्या लुईच्या काळात फ्रेंच धर्मगुरूंच्या सभेने चार कलमांचा जाहीरनामा काढला: ऐहिक कारभारात राजा पोपच्या अधीन नाही, हे त्यातील पहिले सूत्र. १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या अधिकारावर शिक्कामोर्तब केले, तेव्हा या विचाराचा पाडाव झाला. इथे 'गॅलिक'चा अर्थ होता 'रोमपासून अंतर राखणारे'. प्राचीन गॉल त्यात औषधालाही नव्हते.

११/
अठराव्या शतकात भांडण वंशाचे झाले. बूलँव्हिलिए या सरदाराने मांडले की फ्रान्सचे उमराव हे जेत्या फ्रँक लोकांचे वंशज. म्हणून राज्य करण्याचा हक्क त्यांचा. १७८९ मध्ये सिएस या विचारवंत धर्मगुरूने हा युक्तिवाद उलटवला. तुम्ही जेत्यांचे वंशज असाल, तर खुशाल आपल्या फ्रँकोनियाच्या अरण्यात परत जा; इथे जे उरेल ते राष्ट्र. पाहता पाहता सामान्य जनता 'गॉल' झाली आणि उमराव 'परके'. युक्तिवाद धारदार होता, हे मान्य. पण त्याने हक्काचा प्रश्न पुन्हा रक्ताच्याच तराजूत तोलला.

१२/
१८६५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने अलेसियाच्या टेकडीवर व्हर्सिंगेटोरिक्सचा सुमारे ६.६ मीटर उंचीचा पुतळा उभारला. इ.स.पू. ५२ मध्ये सीझरपुढे शरण गेलेला आणि पुढे रोममध्ये ठार मारला गेलेला हा गॉल सरदार. पुतळ्याचा चेहरा पाहिला, तर त्यात सम्राटाचीच छाया दिसते. हाच सम्राट सीझरचे चरित्रही लिहीत होता! जित आणि जेता या दोघांचाही वारसा एकाच माणसाला हवा होता. पाच वर्षांनी प्रशियाकडून पराभव झाला, आणि पराभूत वीराची ही प्रतिमा फ्रान्सला अधिकच जवळची वाटू लागली.

१३/
मग आले तिसरे प्रजासत्ताक, सक्तीचे शिक्षण आणि एर्नेस्त लाव्हिस यांची शालेय इतिहासाची पुस्तके. 'आपले पूर्वज गॉल' हे सूत्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोंडी बसले. ब्रेतों, बास्क, कॉर्सिकन मुलांना एका राष्ट्रात ओवण्यासाठी एक समान आजोबा दिला गेला. वसाहतींतील वर्गांतही हे सूत्र पोहोचले, आणि आफ्रिकी मुलाच्या तोंडचे 'आपले पूर्वज गॉल' हे वासाहतिक शिक्षणाच्या विसंगतीचे सर्वपरिचित उदाहरण ठरले. जोडण्यासाठी घडवलेला शब्द इथे स्वतःच्या आजोबांना पुसून टाकण्याचे साधन झाला.

१४/
हा वाद अजून शमलेला नाही. २०१६ मध्ये निकोला सार्कोझी प्रचारसभेत म्हणाले की माणूस फ्रेंच झाला की त्याचे पूर्वज गॉल असतात. २०१८ मध्ये इमान्युएल माक्राँ यांनी कोपनहेगनमध्ये आपल्या देशबांधवांना बदलास विरोध करणारे गॉल म्हटले. एकाने स्थलांतरितांना प्रवेशाची अट म्हणून गॉल वापरला, दुसऱ्याने विरोधकांना चिमटा काढण्यासाठी. दोघेही गॉलांविषयी बोलत नव्हते. आपापल्या राजकारणाविषयी बोलत होते.

१५/
इथे एक वस्तुस्थिती लक्षात घ्या. जगात सर्वाधिक लोकप्रिय झालेला गॉल म्हणजे अ‍ॅस्टेरिक्स. तो २९ ऑक्टोबर १९५९ रोजी 'पिलोत' नियतकालिकात अवतरला. त्याचे लेखक रने गोसिनी हे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात जन्मले आणि अर्जेंटिनात वाढले. चित्रकार आल्बेर उदेर्झो हे इटालियन स्थलांतरितांचे पुत्र. फ्रान्सला त्याचा लाडका 'पूर्वज' दिला तो बाहेरून आलेल्यांच्या मुलांनी. पूर्वजांची अट घालणाऱ्यांना याहून चोख उत्तर नाही.

१६/
रोजच्या वापरातले अर्थही पाहा. फ्रेंचमध्ये 'गोल्वाझरी' म्हणजे चावट विनोद. इंग्रजीत 'गॅलिक' म्हणजे कधी मोहक, कधी बेफिकीर, कधी आडमुठा. निरागस वाटणाऱ्या या छटांची परंपरा जुनी आहे. इ.स.पू. ६९ च्या सुमारास सिसेरोने फॉन्टेयस या रोमन अधिकाऱ्याचा बचाव करताना गॉल साक्षीदार विश्वासार्ह नाहीत, असे ठासून सांगितले. कारण? ते गॉल होते. समूहाला स्वभाव चिकटवला की व्यक्तीचे म्हणणे ऐकण्याची गरज उरत नाही.

१७/
मग खरे गॉल आहेत तरी कुठे? ला ग्रोफसांक येथील कुंभारांनी मातीच्या थाळ्यांवर खरडलेल्या भट्टीच्या हिशेबांत. १८९७ मध्ये कोलिन्यी येथे मिळालेल्या कांस्याच्या पंचांगात. पॅरिस आणि रँस या नगरनामांत, कारण ती परिसी आणि रेमी या जमातींवरून आली. आणि तुमच्या-माझ्या तोंडातही! 'कार' हा शब्द लॅटिनमार्गे गॉलिश भाषेतील गाडीवाचक शब्दाकडे जातो. 'अँबॅसेडर'चे मूळही कोशकार सेवक या अर्थाच्या गॉलिश शब्दात शोधतात. भारतीय रस्त्यांवर अर्धशतकाहून अधिक काळ धावलेल्या 'अँबॅसेडर कार'च्या नावात दोन्ही शब्द मुळात गॉलिश. पण तिला 'गॅलिक' कोणी म्हटले नाही.

१८/
आपल्या भाषेलाही हा अनुभव आहे. 'फ्रँक' या नावावरून फारसीत 'फरंग' आणि त्यातून आपला 'फिरंगी' आला. जमात युरोपच्या एका कोपऱ्यातली. मराठी कागदपत्रांत मात्र 'फिरंगी' म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज, आणि खुद्द फ्रेंचांना वेगळे नाव, 'फरासीस'. त्या कागदांतील 'फिरंगी' वाचून फ्रँक लोकांविषयी निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. तो शब्द कोकणकिनाऱ्यावरून युरोपाकडे पाहणाऱ्या नजरेविषयी सांगतो. 'गॅलिक'ही असाच वाचायला हवा.

१९/
कोणी म्हणेल, सर्वच राष्ट्रे आपले पूर्वज कल्पितात, त्यात बिघडले काय? कल्पिण्यात बिघडत नाही. बिघडते ते त्या कल्पनेचे प्रमाणपत्र करून ते दारावर तपासायला बसल्यावर. फ्रान्समध्ये गॉल, रोमन, फ्रँक, ज्यू, इटालियन, अल्जीरियन असे सारे मिसळले. त्यातून एकच आजोबा निवडणे हा निर्णय राजकीय असतो. तो निर्णय इतिहासाच्या नावावर खपवू देणे, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याने पत्करू नये अशी तडजोड आहे.

२०/
म्हणून एवढेच सुचवतो. कोणत्याही समूहाला लावलेले प्राचीन विशेषण दिसले की तीन प्रश्न विचारा: हे नाव कोणी दिले? कधी दिले? त्यातून कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले? हे प्रश्न फ्रान्सपुरते नाहीत. घराजवळच्या नावांनाही विचारून पाहा, तिथे ते अधिक अवघड जातील. अशी प्रवासी नावे तुम्हाला आढळली असतील, तर पुराव्यासह खाली जरूर लिहा. थ्रेड समाप्त.