नाव आणि अर्थ : अमाया

बंगळूरच्या कोरमंगलासारख्या वस्तीत मराठी, कानडी, तमिळ, बंगाली कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. तेथे मुलगी जन्मली की आई-वडिलांना नाव हवे असते ते छोटे, सर्वांच्या जिभेवर सहज रुळणारे आणि थोडे वेगळे. 'अमाया' हे नाव या कसोट्यांना उतरते. पण बारशाला आजी हमखास विचारते, "अर्थ काय गं याचा?" आणि तिथेच गाडी अडते.

संस्कृतात माया म्हणजे कपट किंवा भ्रम. म्हणून 'अमाया' म्हणजे निष्कपट. शेजारच्या कानडी काकूंनाही हे नाव आवडते, कारण कानडीत 'अमायक' म्हणजे भोळा, निष्पाप. मराठी आजीच्या कपाळाला मात्र आठी पडते. आपल्याकडे माया म्हणजे जिव्हाळा, आईची माया. मग 'अमाया' म्हणजे माया नसलेली की काय?

हेच नाव स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरील बास्क लोकांतही आहे. बास्क भाषेचे नाते जगातील दुसऱ्या कुठल्याही जिवंत भाषेशी सिद्ध झालेले नाही. गोव्यामुळे आपल्या परिचयाचे झालेले 'झेवियर' हे नाव मूळचे याच भाषेतले, अर्थ 'नवे घर'. बास्कमध्ये 'अमाई' म्हणजे शेवट. त्याला मागून 'आ' हा प्रत्यय लागून 'अमाया' होते.

मुलीचे नाव 'शेवट'? आपल्याला ते अशुभ वाटेल. बास्क घरांत तसे वाटत नाही, कारण त्यांना आठवते ती कादंबरीची नायिका. फ्रान्सिस्को नवारो विलोस्लादा यांनी १८७९ साली आठव्या शतकातील बास्कांवर कादंबरी लिहिली. तिची नायिका अमाया. वडील गॉथ, आई बास्क. पुढे १९२० मध्ये हेसुस गुरिदी यांनी त्यावर ऑपेरा रचला आणि नाव घरोघरी पोहोचले.

या नावांना वाईट दिवसही आले. १९३८ मध्ये फ्रँकोच्या राजवटीने जन्मनोंदणीत बास्क नावांना बंदी घातली. १९७७ च्या कायद्याने मुलांना आपल्या भाषेतले नाव देण्याचा हक्क पालकांना परत मिळाला.

आपल्याकडे सरकारने नव्हे, घरच्यांनीच मुलींवर नावाचा अन्याय केला. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीला 'नकुशी', 'नकोशी' म्हटले गेले. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या नावाचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नव्हता, तो मुलीला रोज ऐकावा लागत होता.

म्हणून नाव परक्या भाषेतले आहे की आपल्या, याची फार चिंता नको. घरात बोलल्या जाणाऱ्या भाषांत ते कसे ऐकू येते, हे आधी पाहावे. मग आपल्याला भावलेला अर्थ ठरवून तो बारशालाच सर्वांना सांगावा. आजीला 'निष्कपट' हा अर्थ समजावून दिला, तर तीच पाळण्याची दोरी हाती घेऊन सर्वांत आधी 'अमाया' अशी हाक मारेल. उद्या मुलगी विचारील तेव्हा घरातल्या प्रत्येकाकडून तिला एकच उत्तर मिळायला हवे.