पेल्यातील पिल्लांचा बाजार

कपातून डोकावणारे केसाळ पिल्लू, खाली ‘अस्सल टीकप पॉमेरेनियन’ ही अक्षरे, ‘आयुष्यभर एवढेच राहील’ असे अभिवचन, आणि साध्या पिल्लाच्या कितीतरी पट भाव, प्रसंगी लाखाच्याही पुढे! ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील मनोऱ्यांपासून डोंबिवलीजवळच्या पलावापर्यंत, दोन खोल्यांच्या संसारात कुत्रा बाळगू पाहणाऱ्या मध्यमवर्गीयाला मोबाइलवर ही जाहिरात आता नवी राहिलेली नाही. जागा लहान, तेव्हा प्राणीही लहान, हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो. विक्रेत्याने नेमका तोच हेरला आहे.

वस्तुस्थिती अशी की ‘टीकप’ नावाची जातच नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया किंवा अन्य कोणत्याही प्रमुख श्वानसंस्थेने ती मानलेली नाही. पॉमेरेनियन हाच मुळी लहान कुत्रा. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकानुसार पूर्ण वाढीनंतर त्याचे वजन सुमारे दीड ते सव्वातीन किलो भरते. शिवाय आपल्याकडे वर्षानुवर्षे ‘पॉम’ म्हणून ओळखला गेलेला कुत्रा बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ च्या ‘हम आपके है कौन’मधला टफी त्याच जातीचा. या गोंधळावर व्यापार चालतो. ‘टीकप’ म्हणून गळ्यात मारलेले पिल्लू पुष्कळदा आईपासून अकाली तोडलेले, पाच-सहा आठवड्यांचे असते, किंवा सरळ स्पिट्झचे असते, आणि वर्षभरात ते कपातून निघून सोफा व्यापते. येथे फसगत प्रामुख्याने खिशाची होते.

खरी चिंता विक्रेता खरे बोलतो तेव्हाची आहे. कुत्रा खरोखरच किलो-सव्वा किलोचा राहावा म्हणून वेतातील सर्वांत अशक्त पिल्ले निवडून त्यांचीच पुढे पैदास केली जाते; म्हणजे जे व्यंग मानायचे त्याचाच भाव वाढतो. अशा पिल्लांची टाळू कधी भरत नाही, गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनलिका दबते, कोचावरून उडी मारली तरी हाड मोडू शकते. इवल्या देहात साखरेचा साठा नसल्याने दर तीन-चार तासांनी खाणे न मिळाल्यास ती एकाएकी उतरते. पिल्लू थरथरते, कोसळते, वेळीच उपचार न झाल्यास दगावते. मादीचे हाल वेगळेच. अरुंद कंबरेमुळे तिची प्रसूती अनेकदा शस्त्रक्रियेवाचून होत नाही. आता कल्याण-डोंबिवलीतील दिनक्रम आठवावा. नवरा-बायको सकाळची जलद लोकल गाठतात आणि दिवेलागणीनंतर परततात. बारा तास घराला कुलूप. ‘फ्लॅटसाठी खास’ म्हणून विकला जाणारा हा प्राणी याच फ्लॅटमध्ये जगण्यास सर्वांत कमी लायक आहे. जाहिरातीतील सर्वांत मोठे असत्य हे होय.

कायदा नाही असे नाही. श्वानपैदास व विक्रीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता कामा नये आणि प्रत्येक पिल्लाला मायक्रोचिप हवी. परंतु हे नियम ज्या १९६० च्या प्राणीक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली झाले, त्यात नियमभंगाला दंड जास्तीत जास्त शंभर रुपये! तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे, हे खरे. पण लाखाच्या पिल्लामागे शंभराचा दंड म्हणजे धंद्याचा किरकोळ खर्चच. दंड वाढवण्याचा मसुदा केंद्राने २०२२ साली लोकांपुढे ठेवला होता.

तथापि दुसरे हत्यार हाताशी आहे, आणि ते मुळीच बोथट नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकते. ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगाकडे, म्हणजे येथील रहिवाशाला ठाण्यातच, दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची, आणि लहान जातीच्या कुत्र्याची वाढ साधारणपणे वर्षभरात पुरी होते. ‘एवढेच राहील’ हे वचन खोटे ठरल्याचा पुरावा मुदतीच्या आतच घरभर बागडत असतो.

अडते ते पावतीपाशी. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या मार्गाने संघ करून वाणसामान आणणारी कुटुंबे ठाणे-डोंबिवलीत आजही आहेत. तूरडाळीच्या वजनाबाबत चोखंदळ असलेला हा वर्ग लाखाचा जीव मात्र पावतीशिवाय, स्थानकाबाहेर उभ्याउभ्या हाती घेतो, हे नवल म्हणावे लागेल. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक, पिल्लाची जन्मतारीख, मायक्रोचिपचा क्रमांक आणि पूर्ण वाढीनंतरचे वजन एका कागदावर सहीनिशी मागावे. आई-बापांना प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा. वंशावळीचे प्रमाणपत्र पुढे केले, तर त्यात आई-बापांची नावे असतात, प्रकृतीची हमी नसते, हे ध्यानात ठेवावे. सही द्यायला विक्रेता काचकूच करू लागला, तर सौदा तेथेच मोडून रिकाम्या हाताने घरी परतावे.