पाण्यातले पहिले मिनिट

उन्हाळ्याची सुट्टी लागली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी ठरल्यासारखी येऊ लागते. 'शेततळ्यात बुडून दोघा भावंडांचा मृत्यू.' कधी सख्खे भाऊ असतात, कधी बहिणी, कधी मामाच्या गावाला आलेली आते-मामे भावंडे. गावाचे नाव तेवढे बदलते. आपण हळहळतो, 'घरच्यांनी लक्ष द्यायला नको का?' असे म्हणतो आणि पान उलटतो. दोन वर्षांपूर्वी त्या बातमीतले गाव माझ्या माहेरचे निघाले आणि पान उलटता आले नाही.

मुली नऊ आणि सात वर्षांच्या. धाकटी पाणी घ्यायला वाकली आणि घसरली. थोरली तिला काढायला गेली. तळ्याला प्लास्टिकचे अस्तर, त्यावर शेवाळ. काठ असा उतरता की मोठ्या माणसाचाही पाय ठरू नये. भेटायला गेले तेव्हा त्यांची आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पोरी ओरडल्या असत्या तर ऐकू आलं असतं हो, मी पलीकडच्या वाफ्यातच होते." त्या वाक्याने माझी पाठ सोडली नाही. म्हणून या विषयावर मिळेल ते वाचत गेले, जाणकारांना विचारत गेले. हाती लागले ते प्रत्येक आईबापाला ठाऊक असायला हवे असे वाटते.

बुडणारा ओरडत नाही

पहिली गोष्ट ही, की त्या आईची काहीच चूक नव्हती. बुडणारे माणूस हात हलवते, 'वाचवा वाचवा' ओरडते, हे आपण सिनेमात पाहिलेले. प्रत्यक्षात बुडणाऱ्याचे तोंड क्षणभर पाण्यावर येते आणि पुन्हा खाली जाते. तेवढ्या वेळात जेमतेम श्वास घेता येतो. ओरडायला श्वास उरतच नाही. हात वर उचलून हाक मारताही येत नाही, कारण शरीर आपोआप हातांनी पाणी खाली दाबत राहते. लहान मूल या अवस्थेत एक मिनिटभरही टिकत नाही. काठावरून पाहणाऱ्याला ते खेळते आहे असेच वाटते. म्हणूनच मूल पाण्यात असताना 'लक्ष आहे माझं' असे म्हणून कांदे निवडणे किंवा मोबाइलवर बोलणे म्हणजे लक्ष नसणेच.

दुसरी गोष्ट आकड्यांची. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात बुडून मरण पावलेल्यांची संख्या ३८ हजारांच्या वर होती. अशा मृत्यूंत महाराष्ट्र वर्षानुवर्षे पहिल्या काही राज्यांत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली, त्यांतली दहापैकी नऊ आपल्यासारख्या गरीब वा मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणे चौथे आहे, पाच ते चौदा वयोगटात तिसरे. पोलिओ, गोवर यांची नावे आपल्याला पाठ आहेत. या कारणाचे नाव मात्र कुणी घेत नाही. तो 'नशिबाचा भाग' समजला जातो.

विहिरी गेल्या, शेततळी आली

आमच्या लहानपणी पोहणे शिकवण्याची एक व्यवस्था होती. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचे टोक काकाच्या हातात. आठ-पंधरा दिवसांत पोरगा भोपळा सोडून सूर मारू लागायचा. मी मात्र विहिरीच्या काठावर बसून भावांचे कपडे राखायचे. मलाही शिकायचे आहे असे एकदा म्हणाले, तर काका हसून म्हणाले, "पोरीच्या जातीला काय करायचंय पोहून?" खरे तर नदीवर धुणी धुवायला बायाच जात, घागर बुडवायला बायाच वाकत.

ती व्यवस्थाही आता राहिली नाही. कूपनलिका आल्या, विहिरी आटल्या, बुजल्या. शिकवणारे काका शहरात नोकरीला गेले. दुसरीकडे नवे पाणी आले. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेने कोरडवाहू शेतकऱ्याला आधार दिला, हे कुणी नाकारणार नाही. पण जुन्या विहिरीला पायऱ्या असत, दगडांत बोटे रुतवता येत. अस्तराच्या तळ्यात धरायला काहीच नसते. पट्टीचा पोहणाराही तिथून एकट्याने वर येऊ शकत नाही. म्हणजे पाणी घराजवळ आले आणि पोहण्याची विद्या घरातून गेली, असे एकाच पिढीत घडले.

शहरात तलाव आहेत, शिबिरे आहेत. पण तिथे शिकवतात ते शर्यतीचे पोहणे. माझी नात दहा दिवसांत तलावाची रुंदी पार करू लागली तेव्हा आम्ही पेढे वाटले. मग एक दिवस तिला अंगात सलवार-कमीज असताना पाण्यात उतरायला सांगितले. चार हात मारले आणि ती घाबरून काठाला चिकटली. अपघात पोहण्याच्या पोशाखात होत नाही, हे तिलाही कळले आणि मलाही. नेदरलँड्स हा कालव्यांचा देश. तिथे मुलांना पोहण्याचा पहिला दाखला मिळवायचा तर कपडे आणि पायताणासह पोहून दाखवावे लागते.

बांगलादेशाने काय केले?

या बाबतीत आपल्याला युरोपाकडे पाहण्याची गरज नाही. बांगलादेशात घरोघरी तळे. मुले बुडायची ती घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, म्हणजे आई कामात असताना. तिथे २००६ नंतर दोन साधे उपाय करून पाहिले. एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी त्या वेळात गावातच, गावातल्याच बाईंनी चालवलेले पाळणाघर. आणि चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी जगण्यापुरते पोहणे. त्यासाठी टाइल्सचा तलाव बांधला नाही. गावच्या तळ्यातच बांबूचा मांडव बांधून उथळ जागा केली आणि गावातल्या तरुण-तरुणींना शिक्षक केले. २५ मीटर पोहणे, ३० सेकंद तरंगणे आणि काठावरून दुसऱ्याला मदत करणे, एवढाच अभ्यासक्रम. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हे शिकलेल्या मुलांत बुडून मरण्याचे प्रमाण न शिकलेल्यांच्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाले. पाळणाघरातल्या मुलांतही ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास घटले.

पुढे बांगलादेश आणि आयर्लंड यांनी पुढाकार घेतल्यावर संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला. आपल्या केंद्रीय आरोग्य खात्यानेही डिसेंबर २०२३ मध्ये एक धोरणात्मक आराखडा जाहीर केला. आराखडा दिल्लीत आहे. तळे गावात आहे. मधले अंतर कोण कापणार?

जगण्यापुरते पोहणे

यात शिकवायचे असते ते थोडे आणि नेमके. पडल्यावर श्वास रोखणे. वर येताच पाठीवर वळणे. छाती वर, कान पाण्यात आणि शांत तरंगणे. मग काठाकडे वळून काही धरणे आणि तेव्हा हाक मारणे. पाठीवर तरंगता आले की नाकतोंड पाण्याबाहेर राहते आणि पहिले मिनिट हाती लागते. पुढचे सारे त्या मिनिटावर अवलंबून.

वयाबाबत तज्ज्ञांत थोडे वेगळे सूर आहेत. जागतिक आरोग्य संघटना सहा वर्षांपुढच्या मुलांना शिकवा आणि त्याहून लहानांना पाण्यापासून दूर, देखरेखीखाली ठेवा असे सांगते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना एक वर्षानंतर शिकवण्यास अनुकूल आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला शिकवून उपयोग होतो याचा पुरावा नाही, हेही तीच सांगते. पण एका मुद्द्यावर दोघांचे एकमत आहे : पोहणे म्हणजे लस नव्हे. शिकलेल्या मुलावरचीही नजर हटता कामा नये. पोहता येते या फाजील विश्वासाने पुरात आणि समुद्रात उडी घेणारे कमी नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी गेले. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. तिथे 'पाण्यात उतरू नका' हेच शिक्षण उपयोगी पडले असते.

तेवढेच महत्त्वाचे, वाचवायला जाताना मरू नये हे शिकणे. आपल्याकडच्या बातम्यांत दोन-तीन जण एकदम जातात ते याचमुळे. काठावर पालथे पडून काठी, ओढणी, साडी पुढे करा. दोर किंवा रिकामा कॅन फेका. स्वतः उडी घेऊ नका. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगून फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार थांबवायला हवेत. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, आणि कुणाला तरी १०८ क्रमांकावर फोन करायला लावायचे.

काय करता येईल?

फार पैसा लागणार नाही. शेततळ्याच्या अनुदानासोबत कुंपण, चारी बाजूंना गाठी मारलेले दोर आणि काठावर दोर बांधलेला रिकामा कॅन, एवढी अट घालावी. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत प्रत्येक मुलाला, आणि मुलीला, पाठीवर तरंगता यावे. शिक्षक गावातलाच पोहणारा असू शकतो. पेरणी-काढणीच्या दिवसांत अंगणवाडी जास्त वेळ चालावी. आणि घरात पाण्याची बादली, टाकी, हौद झाकलेला असावा; रांगत्या मुलाला बुडायला वीतभर पाणी पुरते.

मी चोपन्नाव्या वर्षी पाठीवर तरंगायला शिकले. नात शिकवत होती. कान पाण्यात गेले, वर आभाळ दिसले आणि काठावर बसून राखलेले सारे कपडे आठवले.

माहेरी त्या तळ्याला आता कुंपण आहे, चार कोपऱ्यांना दोर आहेत. मुलींच्या वडिलांनी स्वतः ते बांधले. गावात आणखी किती तरी तळी आहेत. त्यांतल्या बहुतेकांना अजून दोर नाही.