डिलीट मारून भागणार नाही

नको असलेल्या ईमेलचं काय करायचं, या प्रश्नावर भंडाऱ्यातल्या एका सुशिक्षित गृहस्थांचं उत्तर ठरलेलं असतं. संगणकाचे जाणकार म्हणून निवृत्तांच्या बैठकांत आणि महाविद्यालयांच्या कार्यक्रमांत त्यांना मान आहे. उत्तर दोनच शब्दांचं, त्यामुळे ऐकणाऱ्यांच्या लक्षातही राहतं : डिलीट मारा. त्यामागचं म्हणणं असं. हा कचरा थांबणारा नाही. पाठवणारा रोज पत्ता बदलतो, म्हणून तक्रार करणं म्हणजे वेळ घालवणं. फसतो तो लोभी. आणि आपल्या जिल्ह्यात ईमेल वाचतो कोण? इथे सगळं व्हॉट्सॲपवर चालतं.

यातली बहुतेक विधानं तपासाला टिकत नाहीत. ती नुसती चुकीची असती तर सोडून देता आली असती. पण वडीलधाऱ्या, शिकलेल्या माणसाच्या तोंडून ती आली की बाकीचे ऐकतात, आणि तक्रार करू शकणारे हात खाली राहतात.

‘इथे ईमेल वाचतो कोण’ हे आधी पाहू. लाखांदूरच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या हाती अँड्रॉइड फोन असेल, तर प्ले स्टोअर चालण्यासाठी त्यात गुगलचं खातं उघडलेलं असतं आणि बहुधा त्यासोबत जीमेलची पेटीही आलेली असते. तिने ती पेटी कधी पाहिलेली नसेल. मेल मात्र तिच्यात येऊन पडतच असतात. त्याच फोनवर धानाचे चुकारे जमा झाल्याचा संदेश येतो, त्याच फोनवर बँकेचं ॲप असतं, आणि गुगलच्या खात्याचा पासवर्ड गेला तर फोनमधले फोटो नि संपर्कही जातात. ईमेल न वाचणाऱ्या माणसाचंही ईमेलमुळे नुकसान होतं, ते असं.

शंका असेल त्याने तुमसर, साकोली, पवनी, कुठल्याही तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात तासभर बसावं. बारावी झालेली मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला येते. चालक विचारतो, ईमेल आयडी आहे का? नसतो. पाच मिनिटांत तो तयार होतो, पासवर्ड पावतीच्या मागे लिहिला जातो आणि पावती पर्सच्या आतल्या कप्प्यात जाते. कित्येक महिन्यांनी कुणीतरी ती पेटी उघडतं. कर्ज मंजूर झाल्याचे मेल, घरबसल्या नोकरीचे, पत्त्यांच्या जुगाराचे. एकाखाली एक, बोट दुखेपर्यंत. त्या ढिगात एक खरा मेल दबलेला असतो : अर्जात त्रुटी आहे, दिलेल्या तारखेच्या आत दुरुस्त करा. तारीख उलटून गेलेली असते. ‘डिलीट मारा’ म्हणणाऱ्यांचं ऐकून तिने सगळे मेल एकदम निवडून उडवले असते, तर तो मेलही गेला असता आणि आपलं काय हुकलं हे तिला कळलंही नसतं.

‘फसतो तो लोभी’ हे वाक्य फसलेल्यालाच दोषी ठरवतं. आयकराच्या परताव्याचा खोटा मेल येतो तेव्हा करदात्याला खरा परतावा यायचा असतो. तो स्वतःच्याच पैशाची वाट पाहत असतो. २०१५ मध्ये ओएनजीसीच्या तेल व्यवहारातले कोट्यवधी रुपये भलत्याच खात्यात वळवल्याची तक्रार मुंबईच्या सायबर पोलिसांकडे झाली. खऱ्या ईमेल पत्त्यातल्या दोन अक्षरांची अदलाबदल करून खोटा पत्ता बनवला होता. तिथे कुणाला लोभ सुटला होता? रोज शेकडो मेल पाहणाऱ्या कचेरीतल्या माणसाच्या नजरेतून दोन अक्षरं निसटतात, तर धान विकून आलेल्या शेतकऱ्याला नावं ठेवायचा अधिकार कुणालाच नाही.

आता मुख्य मुद्दा. तक्रार केल्याने काही होत नाही, असं हे गृहस्थ छातीठोकपणे सांगतात.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पेट्यांमध्ये दिवसाला पाच हजार किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध केलीच पाहिजे, जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय दिलीच पाहिजे आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवलंच पाहिजे. गुगलची शिफारस तर ते ०.१ टक्क्याच्या खाली ठेवावं अशी आहे. तक्रार म्हणजे वकिलाची नोटीस नव्हे. मेल वाचणाऱ्याने ‘रिपोर्ट स्पॅम’ हे बटण दाबलं की ती झाली तक्रार. आता हिशोब करावा. पाच हजारांचे ०.३ टक्के म्हणजे पंधरा. ०.१ टक्का म्हणजे पाच. पाच हजार पेट्यांमध्ये पडलेल्या जाहिरातीवर पंधरा जणांनी बोट टेकवलं की पाठवणारा धोक्याच्या रेषेवर येतो आणि त्याचे पुढचे मेल सगळ्यांच्याच पेटीबाहेर अडण्याची शक्यता वाढते. एका वर्गातली पंधरा मुलं हे करू शकतात. त्या पंधरांनी नुसतं डिलीट मारलं, तर यंत्रणेपर्यंत तक्रारीचा एक शब्दही पोचत नाही.

पत्ता बदलतो, हे खरं आहे. पण पत्ता बदलणं सोपं असतं, बाकीचं सगळं बदलणं नसतं. मजकुराची घडण, मेल सोडणारा सर्व्हर, आतली लिंक जिथे नेते ते संकेतस्थळ, यांतलं बरंच काही तेच राहतं आणि गाळणी ते पाहते. स्पॅम कुठला आणि खरा मेल कुठला हे माणसांनी दाखवून द्यावं आणि यंत्राने शब्दांच्या संभाव्यतेवरून शिकावं, ही पद्धत २००२ च्या सुमारास गाजली. आजच्या गाळण्या पुष्कळ पुढे गेल्या, तरी त्या अजून माणसांच्या खुणांवरून शिकतात. खुणा करणंच बंद झालं तर त्या शिकणार कशावरून? धानावर तुडतुडा दिसला की शेतकरी शेजारच्या बांधीवाल्याला हाक मारून सांगतो. आपल्या बांधीत फवारून गप्प बसणाऱ्याला गाव शहाणा म्हणत नाही.

इतिहासही हेच सांगतो. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या एका विक्री अधिकाऱ्याने आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची जाहिरात पाठवली. तो पहिला स्पॅम मानला जातो. तेव्हाही लोक चिडले, तक्रारी झाल्या आणि जाळं चालवणाऱ्यांनी संबंधिताला खडसावलं. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅकोलो या कंपनीची इंटरनेट जोडणी तोडली गेली. तिच्या सर्व्हरवरून स्पॅमचे कारखाने चालत असल्याचे पुरावे सुरक्षा संशोधकांनी गोळा करून मांडले होते. जगभरातला स्पॅम एकाएकी निम्म्याहून खाली आला. काही महिन्यांनी तो पुन्हा वाढला, हेही सांगितलं पाहिजे. पण शेतात तण पुन्हा उगवतं म्हणून निंदण कुणी सोडत नाही.

इथे एका जुन्या वादाची आठवण होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये त्रास देण्यासाठी किंवा पाठवणाऱ्याची ओळख लपवण्यासाठी केलेल्या ईमेललाही शिक्षा होती. ते कलम रद्द झालं तर स्पॅमवाल्यांना रान मोकळं होईल, असं तेव्हाही काही जण सांगत होते. ते चूक होते. त्या कलमाचा बडगा २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींवर उगारला गेला, तोही समाजमाध्यमावरच्या एका मतासाठी. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, ते योग्यच झालं. तोतयेगिरी करून फसवणाऱ्यासाठी कलम ६६-ड आजही आहे : तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मात्र नुसत्या नकोशा ईमेलसाठी भारतात वेगळा कायदा नाही, आणि नकोशा जाहिराती रोखण्यासाठी १९०९ या क्रमांकावर होणारी नोंदणी फोन नि एसएमएसपुरती आहे. म्हणूनच ईमेलमधलं ते बटण जास्त मोलाचं आहे. हातात असलेलं एक साधन वापरू नका, असं सांगणं हा लोकांच्या हिताचा सल्ला नव्हे.

मग करायचं काय? काम थोडं आहे. मेल उघडला की नावावर जाऊ नये. नावावर बोट ठेवून खालचा पूर्ण पत्ता वाचावा. नाव ‘आयकर विभाग’ आणि पत्ता भलताच, असं दिसलं की लिंकला हात लावू नये. वरच्या तीन टिंबांवर बोट टेकवून ‘रिपोर्ट स्पॅम’ निवडावं. संगणकावर ‘रिपोर्ट फिशिंग’ही मिळतं. ओळखीच्या दुकानाची जाहिरात नको असेल तर ‘अनसबस्क्राइब’ करावं, पण अनोळखी मेलच्या पोटातल्या तशा लिंकवर कधीही जाऊ नये, कारण त्यातून पेटी जिवंत असल्याचं पाठवणाऱ्याला कळतं. आयकराच्या नावाचा खोटा मेल ‘वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ या पत्त्यावर पुढे पाठवावा आणि प्रत ‘इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन’ला द्यावी. आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पाही पाहावा. खरा मेल तिथे सापडला तर ‘नॉट स्पॅम’ दाबावं, कारण तीस दिवसांनी जीमेल तो कप्पा आपोआप रिकामा करतं.

पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नये. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावं. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून तिसऱ्याच कुणाचा असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर त्याच्यावर त्या रकमेचा भार येत नाही. चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं. म्हणजे इथेही तक्रारीची वेळ रुपयांत मोजली जाते.

जिल्ह्यातल्या सेवा केंद्रचालकांना एकच विनंती. नवा ईमेल काढून देताना पासवर्ड पावतीवर लिहू नका. तो मुलीलाच ठरवू द्या, तिच्या वहीत लिहू द्या, आणि पेटी तिच्या फोनवर सुरू करून ‘रिपोर्ट स्पॅम’ कुठे असतं ते तिच्याकडून एकदा दाबून घ्या. दोन मिनिटं लागतील. आणि भिंतीवर दरपत्रक लावलेलं असतं, त्याच्या शेजारी ठळक अक्षरांत लिहा : १९३०.